ऑसुआरियुम: दोन फुटांच्या पेटीत अख्खा माणूस मावतो कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डेन्मार्कमधल्या एका संग्रहालयात जेमतेम दोन फूट लांबीची दगडी पेटी पाहिलीत, खाली पाटीवर 'ऑसुआरियुम' एवढंच लिहिलेलं. ही लहान मुलाची शवपेटी का? आपल्या अस्थिकलशाचाच प्रकार का? आणि जाता जाता तुम्ही असंही विचारलंय, की तुमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात जुन्या उत्खननातली मडकी आणि हाडं वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात पडून आहेत, ती नीट कशी ठेवायची. मला विचाराल तर हा शेवटचा प्रश्न पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा आहे. पण क्रमानेच जाऊ.

लहान मुलाची शवपेटी नाही. अस्थिकलशही नाही. डॅनिशमध्ये हा शब्द लॅटिनमधून जसाच्या तसा आलाय आणि हाडं ठेवायच्या पेटीला तो वापरतात. अनेकवचन 'ऑसुआरिएर'. चर्चच्या आवारात हाडं साठवायची खोली असेल तर तिला 'बेनहूस' म्हणतात. शवपेटीत प्रेत जातं, अस्थिकलशात जळून उरलेले तुकडे आणि राख जाते. या पेटीत जातात ती न जळालेली, पण मांस पूर्णपणे गेलेली हाडं. म्हणजे माणूस आधी कुठेतरी पुरलेला किंवा कोनाड्यात निजवलेला असतो. काही काळाने घरचे लोक परत जातात, हाडं गोळा करतात आणि पेटीत भरतात. पुरातत्त्वात याला द्वितीयक दफन म्हणतात. एकाच मरणाचे दोन विधी, आणि मधे बराच काळ.

आता मापाचं. मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब हाड. मोठ्या माणसात ते साधारण 40 ते 48 सेंटीमीटर भरतं. बाकी सगळं सुटं होतं, एकमेकांत बसतं, बरगड्या एकावर एक रचता येतात. मांडीच्या हाडाला मात्र घडी नाही. त्यामुळे पेटीची लांबी तेच ठरवतं, रुंदी कमरेची हाडं ठरवतात आणि उंची कवटी. जेरुसलेमच्या आसपास सापडणाऱ्या प्रौढांच्या पेट्या साधारण 60 सेंटीमीटर लांब, 35 रुंद आणि 30 उंच असतात, त्यामागचं गणित हेच. मुलांच्या पेट्या याहून लहान, कारण त्यांचं मांडीचं हाडच आखूड. आजच्या संग्रहालयांमध्ये सांगाडे ठेवायला जी पुठ्ठ्याची खोकी असतात ती हातात घेऊन मोजा, लांबी याच घरात येईल. दोन हजार वर्षांत दगड जाऊन पुठ्ठा आला, पण मांडीचं हाड तेवढंच राहिलं.

या पेट्यांचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण जेरुसलेमचंच आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने शहर उद्ध्वस्त करेपर्यंत तिथल्या ज्यू घराण्यांत ही पद्धत जोरात होती. डोंगरात कोरलेली कुटुंबाची गुहा असायची, भिंतीत लांबट कोनाडे. प्रेत कोनाड्यात सरकवायचं आणि तोंड दगडाने बंद करायचं. साधारण वर्षाने हाडं गोळा करून मऊ चुनखडीच्या पेटीत भरायची. हा दगड खाणीतून काढल्यावर चाकूनेही कोरता येतो, म्हणून पेट्यांवर कंपासने काढलेली फुलं, कमानी, खांब दिसतात. नाव मात्र बहुतेकदा घरच्याच कुणीतरी खिळ्याने ओरखडून लिहिलेलं. एल. वाय. राहमानी यांनी 1994 मध्ये इस्रायलच्या सरकारी संग्रहांतल्या पेट्यांची जी सूची काढली, तिच्यात 897 पेट्या आहेत.

नोव्हेंबर 1990 मध्ये जेरुसलेमच्या दक्षिणेला बांधकाम चालू असताना अशीच एक गुहा उघडी पडली. तिथल्या एका पेटीवर सुंदर कोरीव काम आणि बाजूला वेड्यावाकड्या अक्षरांत 'योसेफ बर कयाफा' हे नाव. येशूच्या खटल्याच्या वेळचा जो महायाजक कयाफा, त्याच्याशी बहुतेक अभ्यासक ही पेटी जोडतात. आतली हाडं मोजली तेव्हा ती एका माणसाची नव्हती. दोन तान्ही बाळं, एक लहान मूल, एक किशोरवयीन, एक प्रौढ स्त्री आणि साठीच्या आसपासचा पुरुष, असे सहा जण निघाले.

हे मोजतात कसं, ते सांगतो, कारण तुमच्या कपाटापाशी पोचल्यावर ते उपयोगी पडेल. पेटीतली सगळी हाडं पांढऱ्या कागदावर काढायची आणि जातवारी लावायची. डाव्या मांडीची हाडं एकीकडे, उजव्या एकीकडे, डावी खांद्याची फरी, उजवी फरी. एका माणसाला डावं मांडीचं हाड एकच असतं. तीन निघाली तर पेटीत किमान तीन माणसं. मग वय जुळतं का पाहायचं: टोकं अजून न जुळलेलं हाड मुलाचं, कडा झिजून ओठ सुटल्यासारखी झालेली हाडं म्हाताऱ्याची. यातून मिळतो तो किमान आकडा. खरा आकडा जास्त असू शकतो, कमी कधीच नाही. कानाच्या आतला कवटीचा भाग सगळ्यात टणक, तो बाकी सगळं कुजल्यावरही उरतो. म्हणून चुरा झालेल्या हाडांत मी पहिल्यांदा तोच शोधतो.

आणि पेटीत काय आहे यापेक्षा काय नाही, यावरून जास्त कळतं. माणसाच्या 206 हाडांपैकी 106 हाडं हातापायांच्या पंज्यांत असतात, निम्म्याहून जास्त. बोटांची पेरं, मनगटातले गोटीएवढे तुकडे, गुडघ्याची वाटी, घशातलं इवलंसं हाड, हे गोळा करताना अंधारात मागे राहून जातं. कवटी, मांड्या, नडग्या कोणी विसरत नाही. त्यामुळे मोठी हाडं सगळी आणि पेरं जवळजवळ नाहीतच असं दिसलं, की ही हाडं दुसरीकडून आणून भरलेली आहेत हा अंदाज पक्का होत जातो. पेरं जागच्या जागी असतील तर प्रेत त्या जागेवरच कुजलं.

आपल्याकडचं इनामगाव याची दुसरी बाजू दाखवतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगीन वस्ती, साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनची. तिथे लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरलेली सापडली. दोन करड्या मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून खड्ड्यात आडवी ठेवलेली आणि आत मूल. मोठी माणसं बहुतेकदा खड्ड्यात उताणी, घोट्याखालचे पाय तोडलेली. एक माणूस मात्र कच्च्या मातीच्या चार पायांच्या रांजणात बसलेला निघाला आणि त्याचे पाय शाबूत होते. ही भांडी पाहून बरेच जण 'अस्थिपात्र' म्हणून मोकळे होतात, संग्रहालयांच्या पाट्यांवरही मी तसं वाचलंय. पण मूल मडक्यात ठेवलं तेव्हा ते अंगामांसासकट ठेवलेलं होतं. हे पहिलं आणि एकमेव दफन. भांडं हाडांचं नाही, प्रेताचं. तुमच्या पाटीवरच्या शब्दाने ज्या पेटीचा बोध होतो ती ही नव्हे.

आपल्या अस्थिकलशाशीही तुलना तिथेच अडते. आपण तिसऱ्या दिवशी राख सावडतो, मूठ-दोन मूठ अस्थी मडक्यात घालून फडकं बांधतो आणि रामकुंडात किंवा जवळच्या नदीत सोडतो. ते मडकं वाटेपुरतं असतं. ऑसुआरियुम राहायला असतं.

महाराष्ट्रात जवळची परंपरा शोधायची तर पारशांकडे पाहायला हवं. झरथुष्ट्री परंपरेत प्रेत गिधाडांना आणि उन्हाला द्यायचं आणि कोरडी झालेली हाडं 'अस्तोदान'मध्ये ठेवायची, अशी जुनी रीत होती. मध्य आशियात समरकंदच्या आसपास सापडलेल्या भाजक्या मातीच्या सोग्दियन पेट्या याच हाडांसाठी केलेल्या. त्यांच्या बाजूंवर पुरोहित आणि अग्निवेदी उठवलेल्या दिसतात. मुंबईत मलबार हिलच्या दख्म्यात, म्हणजे 'टॉवर ऑफ सायलेन्स'मध्ये, वेगळी पेटी नाही. मधोमध खोल विहीर असते, तिला भंडार म्हणतात, हाडं तिथे जातात. वसई, मुंबई, गोव्याच्या कॅथलिक दफनभूमींमध्येही जागेच्या टंचाईमुळे काही वर्षांनी कबर उघडतात. घरच्यांनी भिंतीतला कोनाडा घेतलेला असला तर हाडं त्यात, नाहीतर सामायिक खड्ड्यात. युरोपात डोंगरातल्या गावांनी हेच केलं. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटच्या अस्थिगृहात बाराशेहून अधिक कवट्या आहेत, त्यातल्या 610 रंगवलेल्या, त्यांवर फुलांच्या माळा आणि नावं. चेक प्रजासत्ताकातल्या सेडलेत्सच्या चॅपेलमध्ये तर 1870 मध्ये फ्रांतिशेक रिंट नावाच्या सुताराने हाडांचं झुंबरच केलं. पर्यटक तिथे रांगा लावतात. अभ्यासाच्या दृष्टीने ते मला फारसं कामाचं वाटत नाही, कारण कोणतं हाड कुणाचं हे तिथे आता कुणालाच सांगता येणार नाही.

डेन्मार्ककडे वळू. तिथे आजच्या दफनभूमीत कबरीला ठरावीक संरक्षणकाळ असतो, सर्वसाधारणपणे शवपेटीसाठी 20 वर्षं आणि राखेच्या कलशासाठी 10. नंतर जागा पुन्हा वापरता येते. डेन्मार्कमध्ये हाडं पेटीत ठेवण्याची सगळ्यात प्रसिद्ध जागा ओडेन्सचं कॅथेड्रल आहे. राजा क्नुद चौथा याला 10 जुलै 1086 रोजी ओडेन्समधल्या सेंट अल्बान चर्चमध्ये बंडखोरांनी मारलं, सोबत त्याचा भाऊ बेनेडिक्टही मारला गेला. 1095 मध्ये त्याची हाडं वर काढली, 1101 मध्ये तो संत ठरला आणि हाडं ओक लाकडाच्या, धातूच्या पत्र्याने मढवलेल्या पेटीत गेली. त्या काळात संत होणं म्हणजेच हाडं जमिनीखालून जमिनीवर येणं. 1536 मध्ये डेन्मार्क लूथरपंथी झाला, संतांच्या हाडांची पूजा बंद पडली आणि पेट्या भिंतीआड गेल्या. आज त्या कॅथेड्रलच्या तळघरात काचेखाली आहेत. एकीत क्नुद. दुसरीतला सांगाडा बेनेडिक्टचा मानतात.

पण तिथे मला सगळ्यात जास्त खिळवतं ते हाड नव्हे, कापड. पेट्यांमध्ये हाडांसोबत गरुडांची नक्षी असलेलं रेशीम आणि पक्ष्यांच्या नक्षीची उशी टिकून राहिली. लोकर, ताग, रेशीम हे जमिनीत कुजून जातं. कोरड्या पेटीत राहिलं म्हणून हजार वर्षांपूर्वी ते कोणत्या व्यापारी वाटेने उत्तरेत आलं असेल हा प्रश्न तरी विचारता येतो. पेटी हाड जपते तशी हाडाभोवतीचंही जपते, फक्त ते कुणी झटकून टाकलं नाही पाहिजे.

आता डॅनिश संशोधकांकडे येतो, कारण हाडं कशी ठेवायची हे जगाने ज्यांच्याकडून शिकावं अशांमध्ये ते आहेत. विल्हेल्म म्योलर-क्रिस्तेन्सन हे पेशाने डॉक्टर. 1948 पासून त्यांनी नेस्त्वेदजवळच्या मध्ययुगीन सेंट योर्गन कुष्ठरुग्णालयाची दफनभूमी उकरायला घेतली आणि वर्षानुवर्षं ते काम चालवलं. कुष्ठरोग हाडांवर कसा उमटतो हे तोवर धड कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी दाखवून दिलं, की नाकाच्या पोकळीच्या तळाशी पुढे जो छोटा काटा असतो तो झिजून नाहीसा होतो, वरच्या पुढच्या दातांना धरणारं हाड वितळल्यासारखं मागे सरकतं आणि पायाच्या पंज्यातली हाडं टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती होतात. हे त्यांना दिसलं याचं कारण साधं: त्यांनी प्रत्येक पेर उचललं होतं. ज्या पेरांना जेरुसलेमच्या गुहेत मागे टाकलं जात होतं, त्याच पेरांत इथे आजार लिहिलेला होता. हाडं नुसती मोठी-मोठी वेचून पेटीत भरली असती तर हे निदान कायमचं गेलं असतं.

पुढे 2013 मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि इंग्लंडमधल्या मध्ययुगीन सांगाड्यांतून कुष्ठरोगाच्या जंतूचा जनुकीय आराखडा वाचला गेला. त्यात ओडेन्सच्या सेंट योर्गन दफनभूमीतला एक दात इतका चांगला टिकला होता, की बाकी नमुन्यांना लागली ती खटपट त्याला लागलीच नाही. कित्येक शतकांत हा जंतू फारसा बदललेला नाही असं त्यातून दिसलं. महाराष्ट्राला याचा धागा पुण्यातून लागतो. उदयपूरजवळच्या बालाथल इथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. तो सांगाडा 1990च्या दशकात निघाला, निदान नंतर झालं. मधली वर्षं त्याने खोक्यातच काढली, पण खुणेसकट काढली, म्हणूनच निदान होऊ शकलं.

ही खूण म्हणजे चिठ्ठी. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. पेटी कशाची आहे हे दुय्यम. ती कुठून आली, कोणत्या थरातून, शेजारी काय होतं, हे हाडासोबत राहिलं नाही तर दगडी पेटीही रिकामीच म्हणायची. 2002 मध्ये 'याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ' असा लेख असलेली एक चुनखडीची पेटी जगापुढे आली. ती पुरावस्तूंच्या बाजारातून एका संग्राहकाकडे गेलेली. कोणत्या गुहेतून आली ते नोंदलेलं नाही, आतली हाडं गेलेली. पेटी जुनी आहे यावर वाद नव्हता. वाद लेखाच्या दुसऱ्या भागावर. बनावटीचा खटला चालला, 2012 मध्ये आरोपी सुटला, पण लेख खरा आहे असं काही न्यायालयाने म्हटलं नाही. गुहा माहीत असती, हाडं आत असती, तर ही वेळच आली नसती.

याच्या अगदी उलट 1968 मधलं गिवात हामिवतारचं. जेरुसलेमच्या उत्तरेकडच्या त्या गुहेतल्या 'यहोहानन' नावाच्या पेटीत उजव्या टाचेच्या हाडातून आरपार गेलेला लोखंडी खिळा सापडला, 11.5 सेंटीमीटर लांबीचा. क्रूसावर चढवलेल्या माणसाचा हा हाडांतला पहिला पुरावा. पहिल्या अभ्यासात एकच खिळा दोन्ही टाचांतून गेला असं मांडलं गेलं. 1985 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी पुन्हा पाहिलं तेव्हा खिळ्यात फक्त उजवी टाच होती आणि हातावरची म्हणून सांगितलेली खिळ्याची खूणही मान्य झाली नाही. बाकी हाडं तोवर धार्मिक नियमांप्रमाणे पुन्हा पुरलेली होती. दुसऱ्यांना फेरतपासणी करता आली ती मागे ठेवलेल्या हाडावर, साच्यांवर, छायाचित्रांवर. हाडं परत मातीत देणं हा त्या लोकांचा हक्क आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण द्यायच्या आधी नोंदी अशा हव्यात, की पुढच्याला आपल्यावर विसंबून राहावं लागू नये.

आणि गोव्याची गोष्ट तर चिठ्ठीचीच. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये शिराझमध्ये छळ करून मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग 1627 मध्ये जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन मठात आणला. पोर्तुगीज कागदपत्रांत जागा लिहिलेली होती: चॅप्टर चॅपेलमधली खिडकी आणि तिच्यात ठेवलेली काळ्या दगडाची पेटी. मठ पुढे ओस पडला, कोसळला, जंगल माजलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारे उपसले, आधी त्या चॅपेलची आणि खिडकीची जागा पक्की केली, मग हाडं हाती लागली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्यांची डीएनए तपासणी झाली. एका हाडात यू1बी हा मातृवंश, म्हणजे आईकडून उतरणारी डीएनएची खूण, निघाला, जो भारतात जवळपास आढळत नाही आणि जॉर्जियात आढळतो. जुलै 2021 मध्ये भारताने त्या अस्थींचा अंश जॉर्जियाला सन्मानाने दिला. पेटी फुटली होती, पण कागदातलं तिचं वर्णन शाबूत होतं. नुसत्या डीएनएने हे जमलं नसतं.

आता तुमचं कपाट.

सगळ्यात आधी एक खात्री करून घ्या. हाडं पिवळट-पांढरी, गुळगुळीत असतील, भोकं पाडून तारेने किंवा स्प्रिंगने जोडलेली असतील, कवटीचं टोपण करवतीने कापून आकड्याने बसवलेलं असेल, तर ती उत्खननातली नाहीत. कुणीतरी प्राणिशास्त्र विभागाचा शिकवायचा सांगाडा तुमच्याकडे सारलाय. भारताने सांगाड्यांची निर्यात 1985 मध्ये बंद केली, त्याआधी जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत इथूनच सांगाडे जायचे आणि देशातल्या कॉलेजांतही तेच असायचे. तो वेगळा विषय. आणि मातीचा डाग नाही, तारही नाही, कुठून आलं कुणाला ठाऊक नाही, असं काही निघालं तर प्राचार्यांना सांगून पोलिसांना कळवा, स्वतः तर्क करत बसू नका.

उत्खननातलं असेल तर एका वेळी एकच पुडकं उघडायचं. उघडण्याआधी फोटो, उघडल्यावर फोटो. वर्तमानपत्र फेकू नका! त्यावरची तारीख म्हणजे पुडकं केव्हा बांधलं याची नोंद आणि कडेला पेन्सिलीने किंवा शाईने चर क्रमांक, थर, खोली लिहिलेली असण्याची दाट शक्यता. बारीक अक्षर असतं, तिरपा प्रकाश टाकून वाचावं लागतं. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो, त्यामुळे हाडाला लागून ठेवायचा नाही, वेगळ्या पाकिटात घालून त्याच खोक्यात ठेवायचा.

मडक्यात माती भरलेली असेल तर ती रिकामी करू नका. हे मी पुन्हा सांगतो, कारण उत्साही विद्यार्थी पहिलं काम तेच करतात. त्या मातीत बाळाचे दात असतात, साळीच्या दाण्याएवढे. मडक्यातली माती थराथराने, चाळणीवर, ज्याला तान्ह्या मुलाची हाडं ओळखता येतात अशा माणसासमोर काढायची. इनामगावसारखी तोंडाला तोंड लावलेली मडकी असतील तर दोन्हींची जोडी कोणती, ते आधी खडूने नाही, चिठ्ठीने नोंदवा.

धुवायचं नाही. दख्खनच्या काळ्या मातीतल्या हाडांवर चुनखडीचा पापुद्रा असतो, तो नखाने किंवा ॲसिडने काढायचा मोह टाळा, खाली हाडाची मूळ पृष्ठभागावरची खूण असते. सुटी माती मऊ ब्रशने. फेव्हिकॉल, वॉर्निश, क्विकफिक्स काहीही लावायचं नाही, त्याने पुढची कालमापन चाचणी बिघडते आणि काही वर्षांनी चिकट थरासकट हाडाचा पापुद्रा निघतो. डांबरगोळ्या नकोत. कसर आणि वाळवी यांचा बंदोबस्त कपाटाला करायचा, हाडांना नाही: कपाट भिंतीपासून हात-दीड हात पुढे, पाय जमिनीपासून वर.

पावसाळ्याची मला जास्त भीती वाटते. दमट हाड बंद प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, की आठवड्याभरात बुरशी. पॉलिथीनच्या पिशव्यांना भोकं पाडून वापरा. हाडं सावलीत पूर्ण कोरडी झाल्याशिवाय काहीच बंद करू नका. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, पण आपल्या इमारतींत जुलैमध्ये ते जमत नाही हे मीही जाणतो. म्हणून निदान चढउतार कमी ठेवा: बाहेरच्या भिंतीचं कपाट नको, वरचा मजला नको, एसी दिवसा चालू रात्री बंद असली खोली तर नकोच.

खोकं आम्लविरहित पुठ्ठ्याचं मिळालं तर घ्या. पैसे नसतील तर झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे क्रेट चालतात, पीव्हीसी नको. एका माणसाला एक खोकं, लांबी कमीत कमी 55-60 सेंटीमीटर. का ते वर सांगितलंच. तळाशी मांड्या, नडग्या, कमरेची हाडं, वर बरगड्या आणि मणके. डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय यांच्या चार वेगळ्या पिशव्या. कवटीचं खोकं वेगळं. ती दातांवर टेकवून ठेवायची नाही, मऊ सुती कापडाचं चुंबळ करून त्यावर बसवायची. कापूस वापरू नका, त्याचे तंतू हाडाच्या जाळीत अडकतात आणि काढताना हाडच निघतं.

चिठ्ठ्या दोन. एक पिशवीच्या आत, एक खोक्यावर, दोन्हींवर तेच. पेन्सिलीने लिहा, बॉलपेन फिकं पडतं. जागा, वर्ष, चर, थर, दफन क्रमांक, हाडाचं नाव, डावं की उजवं. हाडावरच क्रमांक टाकायचा असेल तर आधी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाई, वरून पुन्हा थर, आणि तोही दातांवर किंवा सांध्याच्या पृष्ठभागावर नाही. डीएनए चाचणीची थोडीही शक्यता असेल तर दातांना आणि कानाच्या आतल्या त्या टणक हाडाला हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

हे सगळं करण्याआधी ज्या संस्थेने उत्खनन केलं तिला पत्र टाका, तिथे उत्खननाच्या वह्या असतील आणि त्यातल्या क्रमांकांशी तुमच्या पुडक्यांचे क्रमांक जुळवता येतील. प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला. पत्रासोबत चार फोटो पुरे: बंद पुडकं, वर्तमानपत्राची तारीख असलेली बाजू, पेन्सिलीच्या अक्षरांचा जवळून फोटो आणि मडक्यांची तोंडं, शेजारी मोजपट्टी ठेवून.